हॅलडेनच्या पुलाचा बाक

हॅलडेनच्या रेल्वे पुलाला बाक आहे, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. पश्चिमेकडचा शेवटचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला लोखंडी तुकडा, आपल्या दगडी खांबावर वीतभर सरकलेला आहे, नदी वाहते त्या अंगाला. किनाऱ्यावर उभं राहून एक डोळा मिटून पाहिलं, की सरळ चाललेली लोखंडी जाळी शेवटी जरा मान वळवते. शाळेतली पोरं पुलाचं चित्र काढतात तेव्हा तीसुद्धा बाकासकट काढतात. आणि डेल्बर्ट क्लाइनच्या मनात नेमका तोच काढून टाकायचं आलं.

डेल्बर्ट पूल बचाव समितीचा अध्यक्ष. पोरांना सुतारकाम शिकवण्यात जन्म गेलेला, त्यामुळे वाकडं काही दिसलं की त्याला चैन पडत नाही. रेल्वे कंपनीनं ही लाइन बंद केली तेव्हा पूल मोडीत जाणार होता. तो वाचावा, त्यावरून चालायची आणि सायकलींची वाट व्हावी, म्हणून डेल्बर्टनं वर्षानुवर्षं सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. ते श्रेय त्याचंच, कुणी नाकारत नाही. पण माणसानं एकदा चांगलं काम केलं की पुढं त्याला आवरायचं कसं, हा प्रश्न गावापुढे उभा राहतो.

त्या आठवड्यात तो कॅफेत आला तो काखेत कागदाची मोठी गुंडाळी घेऊनच. आर्डिस हॉफ खिडकीजवळ एकटीच कॉफी पीत बसली होती. त्यानं तिच्या टेबलावर गुंडाळी पसरली, चार कोपऱ्यांवर मीठदाणी, मिरीदाणी, साखर आणि तिचाच कप ठेवला.

"बघ. मॅरिसोल म्हणते जमेल." मॅरिसोल म्हणजे राज्याच्या बांधकाम खात्यानं पाठवलेली तरुण इंजिनिअर. "खाली जॅक लावायचे, गाळा उचलायचा, जागेवर सरकवायचा आणि ठेवून द्यायचा. बांधला तेव्हा होता तस्सा!"

कागदावरचा पूल फूटपट्टीसारखा सरळ होता. आर्डिसला तो ओळखूच येईना.

"कशाला?" ती म्हणाली.

"कशाला म्हणजे? वाकडा आहे तो."

"माझं नाकपण वाकडं आहे."

"तुझ्या नाकावरून कुणी सायकल नेणार नाहीये, आर्डिस."

काउंटरमागची पोरगी फिस्सकन हसली. आर्डिस हसली नाही. तिनं कागदावरचा आपला कप उचलला, तसा तो कोपरा गुंडाळत गेला आणि पश्चिमेचा गाळा दिसेनासा झाला.

पुलाचा इतिहास डेल्बर्ट सांगतो तो पहिल्यापासून. आधी तिथं लाकडी पूल होता, तो इंजिनाच्या ठिणगीनं जळाला. मग लोखंडी आला. त्याचे तुकडे पूर्वेकडून मालगाडीच्या वाघिणींत भरून आले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं आकडा घातलेला. जर्मन आणि चेक मजुरांनी ते जोडले. पहिल्या दिवशी बँड होता, झेंडे होते, आणि पाद्रीबाबा पहिल्या गाडीत बसणार होते. ऐनवेळी बाबांनी पुलाकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं आणि सुचवलं की आधी डुकरांची वाघीण नेऊन बघावी. डुकरं सुखरूप पोचली, मग बाबा गेले. पूल आधी तांबडा होता, मग काळा झाला, मग रुपेरी. गावात कोण कुठल्या रंगाचा पूल आठवतो यावरून त्याचं वय कळतं.

आणि मग ऐंशी वर्षांपूर्वीचा, मंदीच्या काळातला तो पूर. मार्चमध्ये हेरन नदीवरचा बर्फ एकदम फुटला. रस्त्याचा पूल पहिल्याच दणक्यात गेला. रेल्वेचाही जायचा, पण रूळ-टोळीचा मुकादम ऑगस्ट क्लाइन, म्हणजे डेल्बर्टचा आजोबा, त्यानं कोळशानं भरलेल्या वाघिणी ढकलून पुलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या केल्या. रेल्वेवाल्यांची ही जुनी रीत. पुलावर वजन ठेवलं की पाणी त्याला उचलून नेत नाही. बर्फाच्या लाद्या येऊन आपटत राहिल्या, पूल जागेवर राहिला. फक्त पश्चिमेचा गाळा तेवढा सरकला. 'बर्फानं वाकवला, ऑगस्टनं वाचवला,' असं गाव तेव्हापासून म्हणत आलंय. ऑगस्टचा फोटो बँकेत लावलेला आहे. मिशा बघून कर्ज मागायला आलेला माणूस दबकतो.

कंपनीनं पूर ओसरल्यावर गाळ्याखाली ठोकळे ठोकले, रूळ जरासे वळवून घेतले आणि दोन्ही टोकांना 'हळू' असा बोर्ड लावला. तात्पुरता. तो लाइन बंद होईपर्यंत राहिला. देशभर गाड्या धडधडत धावत होत्या आणि हॅलडेनला मात्र माणसाच्या चालीनं यायच्या. त्यामुळे ड्रायव्हरला गावातल्या कुत्र्यांची नावं माहीत होती. बायका त्याच्या हातात ताटभर ॲपल पाय द्यायच्या, तो पुढच्या खेपेला रिकामं ताट परत करायचा. पश्चिमेच्या घरांना वर्तमानपत्र पोस्टाआधी शेवटच्या डब्यातल्या ब्रेकवाल्याकडून मिळायचं.

आर्डिसला लेलंडही असाच मिळाला. ती तेव्हा पूर्वेकडच्या लोण्याच्या कारखान्यात कामाला होती आणि संध्याकाळी पुलावरच्या कडेच्या फळ्यांवरून घरी यायची. तिथून चालायला मनाई होती, म्हणजे सगळेच चालायचे. एकदा मालगाडी मागून आली, सावकाश शेजारून सरकत गेली, आणि शेवटच्या डब्याच्या पायरीवर बसलेला कंपनीचा एक लांबट पोरगा म्हणाला, "तुमच्या गावात गाड्या चालायला अजून शिकल्या नाहीत वाटतं? रांगतातच?"

"गाडी रांगते," आर्डिस म्हणाली, "पण आतल्यांच्या जिभा बऱ्या धावतात."

दुसऱ्या दिवशी तो पायरीवरून उतरूनच तिच्याबरोबर चालला. गाळा संपला तसा पळत जाऊन डबा पकडला. मग रोजच. त्यांचं सगळं प्रेम त्या एका वाकड्या गाळ्यावर झालं. रोज गाळाभर बोलायचं, उरलेलं उद्यावर. लग्नाचं विचारायला त्याला एक गाळा पुरला. उत्तर तिनं मुद्दाम दुसऱ्या दिवशीच्या गाडीला दिलं. गाडी भरधाव गेली असती, तर लेलंड हॉफ हा हॅलडेन नावाचा बोर्ड वाचता न येता पुढे निघून गेलेला एक माणूस झाला असता. चार वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हापासून आर्डिस रोज किनाऱ्यावर जाऊन तो बाक बघते. थडग्यापाशी तिला तो भेटत नाही. तिथं नुसता दगड आहे.

यातलं थोडंफार तिनं डेल्बर्टला सांगून पाहिलं.

"अगं, निम्म्या गावाची लग्नं त्या पुलावर जमलीत," तो म्हणाला. पण आवाज जरा मऊ केला त्यानं. "माझं ऐक. बर्फानं केलेली मोडतोड आहे ती. अपघात झालाय पुलाला. त्याला इतिहास नाही म्हणत. माणसांनी बांधला तो इतिहास. मला तो परत आणायचाय. आजोबांच्या हातात होता तसा."

"आणि बर्फानं केलेलं नसलं तर?"

"मग काय, माशांनी केलं?"

आर्डिसनं उरलेली कॉफी संपवली. खरं काय ते तिला ठाऊक होतं, आणि तिच्या समजुतीप्रमाणे आता फक्त तिलाच. ते सांगितलं तर बाक राहण्याची थोडी तरी आशा होती. पण ते सांगायचं म्हणजे आईचं नाव घ्यायचं. ऑटिली ब्रांट. चर्चच्या महिला मंडळाची आयुष्यभराची अध्यक्षा. रविवारी कुणाच्या पोराचा बूट मळका दिसला तर त्याच्या आईला आठवडाभर झोप लागू नये अशी बाई. चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराच्या दारावर तिच्या नावाची पितळी पाटी आहे. आणि समितीची सभा रविवारी, प्रार्थनेनंतर, त्याच तळघरात होती. एका बाजूला आईची अब्रू, दुसऱ्या बाजूला लेलंडचा गाळा. तीन दिवस आर्डिसचं जेवणावर लक्ष नव्हतं.

रविवारी तळघर भरलं होतं. हॅम सँडविच, लिंबाच्या वड्या आणि चर्चची ती कॉफी, जिच्यातून कपाचा तळ दिसतो. डेल्बर्टनं पुलाची लाकडी प्रतिकृती करून आणली होती. काड्या, जोड, खांब, सगळं हुबेहूब आणि सगळं सरळ. लोक वाकून वाकून बघत होते. मॅरिसोलनं चार वाक्यांत सांगितलं की गाळा हलवता येईल आणि नाही हलवला तरी चालेल, पूल दोन्ही परी भक्कम आहे, काय ते गावानं ठरवावं.

"कुणाला काही बोलायचंय?" डेल्बर्टनं विचारलं, कुणी बोलणार नाही अशा सुरात.

आर्डिस उठली. तिनं पाटीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तिनं तिकडेच बघितलं.

"तो बाक बर्फानं नाही आला," ती म्हणाली. "माझ्या आईनं चोरी केली, त्यानं आलाय."

तिनं समोरच्या खुर्चीची पाठ धरली आणि पुढं सांगू लागली.

"रस्त्याचा पूल गेला तेव्हा आम्ही पश्चिमेकडची घरं तुटलो. कोळशाचं दुकान तिकडे, आम्ही इकडे. त्यात थंडी परत आली. माझा भाऊ नॉर्बर्ट तान्हा होता, त्याची छाती भरलेली. आईनं खुर्च्या जाळल्या. मग पाळणाच जाळायची वेळ आली. आणि खिडकीतून बघावं तर पुलावर वाघिणीच्या वाघिणी कोळसा. सकाळी दाट धुकं होतं. तिनं बादली घेतली, गेली, चढली, भरून आणली. संध्याकाळी परत गेली. दुसऱ्या दिवशी परत. एका बादलीनं काय होतंय, असं तिला वाटलं. आणि तिसऱ्या दिवशी बर्फाचा मोठा लोंढा आला आणि गाळा सरकला. आमच्याच बाजूचा. जिथून तिनं वजन काढलं होतं, तोच." तिनं श्वास घेतला. "नॉर्बर्ट वाचला. फ्लोरिडात आहे, उन्हात लोळतोय. पण आई जन्मभर त्या पुलाकडे मान वर करून बघू शकली नाही. तिला वाटायचं, आपण पूल मोडला. डेल्बर्ट, तू म्हणतोस ना, माणसांनी केला तो इतिहास? मग हाही माणसांनीच केलाय. तेवढा राहू दे."

डेल्बर्टचा चेहरा लालबुंद झाला होता. "शक्य नाही. माझे आजोबा तीन दिवस तिथं पहारा देत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत कोण बादली नेईल?"

"डेल्बर्ट, बस खाली," मागून वेंडल प्रोहास्काचा आवाज आला. वेंडल म्हणजे पश्चिमेकडचा सगळ्यात म्हातारा शेतकरी. एरवी तो सभेत फक्त वड्या खायला तोंड उघडतो. "आमच्याकडे दोन पोती होती."

"काय?"

"पोती. कोळशाची. बाप मरताना सांगून गेला, कुणाला बोलू नको, आपल्यामुळे पूल सरकला म्हणून."

"तुमच्यामुळे?" एक बाई ताडकन उठली. "आमच्या आजीनं बर्फावरची घसरगाडी भरून आणला होता! तिला वाटायचं, तिच्यामुळे!"

"आमच्याकडे अंघोळीचा टब भरून."

"आमच्याकडे सांगायचे, देवानं पाठवला."

"देवानं पाठवला, आणि तुझ्या आजोबानं फावड्यानं ओढला!"

मग तळघर आवरेना. पश्चिमेकडचं एक घर सुटलं नाही. प्रत्येक घरानं तेच पाप केलं होतं, प्रत्येक घराला वाटत होतं आपण एकट्यानंच केलं, आणि प्रत्येक घरानं ते शेजाऱ्यापासून जिवापाड लपवलं होतं. शेजारी कुठला कोळसा जाळतोय, हे धुराचा वास घेऊनसुद्धा कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं, कारण विचारलं तर त्यानंही विचारलं असतं. ऐंशी वर्षं सगळं गाव एकमेकांकडे बघून हवापाण्यावर बोलत आलं होतं. आर्डिस तशीच उभी होती. हसावं की रडावं ते तिला कळेना, आणि मग दोन्ही एकदम आलं. आईला यातलं निम्मं जरी कळलं असतं, तरी ती बिचारी सुखानं मेली असती.

डेल्बर्ट मात्र खाली मान घालून बसला होता. गलका ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "आजी सांगायची, आजोबा तीन दिवस नदीकडं तोंड करून बसले होते. वाघिणींकडं पाठ. मान इतकी अवघडली की महिनाभर तिला तेल चोळावं लागलं. मला वाटायचं, बर्फावर नजर ठेवून होते. जन्मभर मी तेच सांगत आलो."

"तो पाठ करून बसला म्हणून आम्ही बसलोय इथं," वेंडल म्हणाला आणि त्यानं आणखी एक वडी घेतली.

डेल्बर्टनं आपल्या लाकडी पुलाकडे बराच वेळ पाहिलं. मग शेवटच्या गाळ्याला अंगठा लावून दाबला. सरसाचा जोड कटकन बोलला आणि गाळा सरकला.

"हात वर करा," तो म्हणाला, "ज्यांना असा हवाय त्यांनी." सगळ्यात आधी त्यानंच केला.

सभा संपल्यावर तो आर्डिसला घरी सोडायला निघाला. ऊन पडलं होतं. दोघं नदीकाठच्या वाटेनं सावकाश चालले होते. डेल्बर्टला आता बोलावंसं वाटत होतं, हसावंसं वाटत होतं.

"आणि लेलंड?" त्यानं विचारलं. "रेल्वेवाला तो. त्यानं ऐकलं तेव्हा पोट धरून हसला असेल ना? सासू कोळसाचोर!"

आर्डिस जरा पुढं गेली.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात आईनं तिला स्वयंपाकघरात बसवून हे सगळं सांगितलं होतं. सांगून झाल्यावर म्हणाली होती, "लेलंडला कधी कळता कामा नये. कंपनीचं मीठ खातो तो. त्याच्या तोंडावर मला उभं राहता येणार नाही." आर्डिसनं शब्द दिला. आई होती तोवर पाळला. आई गेली तेव्हा सांगता आलं असतं, पण तोवर न सांगण्याची सवय झाली होती, आणि इतकी वर्षं का लपवलंस, हा प्रश्न नको वाटला. दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला लेलंड तिला काठावर आणायचा, थर्मासच्या झाकणात कॉफी ओतायचा, झाकण त्या गाळ्याकडे उंच करायचा आणि म्हणायचा, "बर्फा, लेका, तुझे फार उपकार आहेत." ती शेजारी उभी राहून हसायची. पुढच्या वर्षी सांगू, असं दरवर्षी म्हणायची. एका वर्षी त्याला न्यूमोनिया झाला आणि पुढचं वर्ष उरलं नाही.

आज सगळ्या गावाला सांगून झालं होतं. ज्याला ते ऐकून सगळ्यांत जास्त आनंद झाला असता, तो एकटाच राहून गेला होता. हे तिला आत्ता, डेल्बर्टच्या प्रश्नानं कळलं, आणि तिचे पाय थांबले.

"आर्डिस? काय झालं गं?"

"तू हो पुढं. मी येते."

डेल्बर्ट वाटेच्या वळणापर्यंत गेला आणि तिथं पाठ करून उभा राहिला.

पुलाच्या तोंडाशी तारेचं कुंपण होतं. आर्डिसनं दोन्ही हातांनी तार धरली. आत फळ्या गेल्या होत्या, रूळ गेले होते, खालून नदी दिसत होती. पण गाळा होता तिथंच होता, जरासा तिच्याकडे वळलेला. तिनं इकडंतिकडं पाहिलं नाही. कुणी ऐकलं तरी आता काही जाणार नव्हतं.

"लेलंड," ती म्हणाली, "बर्फ नव्हता रे तो. आई होती माझी."